शरियत पाळणारा देशाचा कायदा मोडतो, हा दावा कोणत्या आधारावर?

‘मुसलमानाला त्याची शरियतच बिगर-मुस्लिम देशाचा कायदा पाळू देत नाही; म्हणून भारतात त्यांना गुन्ह्यांसाठी वेगळा कायदा आहे आणि त्यांची स्वतंत्र न्यायालये चालतात,’ असा मजकूर सध्या सोलापुरात मोबाइलवरून फिरतो आहे. तो माझ्या भाच्याच्या महाविद्यालयातील गटात आला आणि त्याच्या वर्गमित्राने त्यालाच खुलासा मागितला, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

गुन्ह्यांचा मुद्दा फार वेळ घेण्याच्या योग्यतेचा नाही. चोरी किंवा खून सोलापूरच्या विजापूर वेशीत झाला काय आणि बाळीवेशीत झाला काय, कायदा एकच लागतो. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहिता आहे.

खरा विखार पहिल्या वाक्यात आहे, कारण ते माणसाला त्याच्या श्रद्धेमुळेच बेइमान ठरवते. इसवी सन 615 च्या सुमारास मक्केतील छळाला कंटाळलेल्या मुसलमानांना खुद्द पैगंबरांनी हबशाला (आजच्या इथिओपियाच्या भागात), म्हणजे नजाशी या ख्रिस्ती राजाच्या आश्रयाला पाठवले. पुढे 622 मध्ये मदिनेत मुसलमानांची स्वतःची सत्ता उभी राहिली, तरीही पैगंबरांचे चुलतभाऊ जाफर इब्न अबी तालिब आणि त्यांचे काही सोबती 628 पर्यंत हबशातच राहिले. नजाशीने नंतर इस्लाम स्वीकारल्याचे परंपरा सांगते हे मान्य, परंतु राज्य ख्रिस्तीच राहिले. परक्या राज्यात राहणेच निषिद्ध असते, तर ही माणसे इतकी वर्षे तेथे कशी राहिली? भारतातील बहुसंख्य मुसलमान ज्या हनफी परंपरेतले आहेत, तिचे फिकह, म्हणजे धर्मशास्त्रातील कायदाही हेच सांगतो की, ज्या राज्याने अमान, म्हणजे सुरक्षेची हमी दिली, तेथील लोकांच्या जीविताला किंवा मालमत्तेला धक्का लावणे हा विश्वासघात असून तो हराम आहे. शिवाय शरियतीचा मोठा भाग नमाज, रोजा, जकात आणि खाण्यापिण्याचे नियम यांचा आहे. व्याज न घेणारा व्यापारी देशाचा कोणता कायदा मोडतो, हे मजकूर लिहिणाऱ्याने सांगावे.

विवाह, तलाक आणि वारसा यांसाठी मुसलमानांना वेगळा कायदा आहे, ‘वेगळ्या कायद्या’च्या मुद्द्यात एवढेच खरे आहे. दुसऱ्या निकाहाची मुभाही त्यातूनच मिळते आणि ती मला स्वतःला अन्यायकारक वाटते. परंतु हा कायदा देशाबाहेरून आलेला नाही. 1937 मध्ये येथील केंद्रीय विधिमंडळानेच तो केला, शेतजमीन त्यातून वगळली, आणि 2019 मध्ये संसदेने एका दमात दिलेला तिहेरी तलाक तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरवला.

राहिली ‘स्वतंत्र न्यायालये’. दारुल-कझाच्या, म्हणजे काझी जेथे तंटे सोडवतात त्या धार्मिक मंडळाच्या निर्णयाला किंवा फतव्याला कायद्याचे बळ नाही आणि तो कोणावरही लादता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये विश्व लोचन मदान यांच्या याचिकेवर स्पष्ट केले. काझीचा निर्णय न पटलेली स्त्री दुसऱ्याच दिवशी न्यायालयात दाद मागू शकते, आणि तो निर्णय तेथे तिच्या आड येत नाही.