एका ओळीचं काम

'फाइल उघडा'चा डायलॉग दाखवणं हे एका ओळीचं काम आहे, असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. ओळ खरंच एक असते. तिच्या आगेमागे जी वरात निघते तिच्याबद्दल ते गप्प बसतात, एवढंच.

नेटिव्ह डायलॉग, म्हणजे फाइल निवडायची किंवा प्रश्न विचारायची तयार खिडकी, हा ऑपरेटिंग सिस्टिमच्या मालकीचा. आपल्या विंडोच्या डोक्यावर येऊन बसतो, पण आपलं ऐकत नाही. ॲप मराठीत आणि विंडोज इंग्रजीत असेल, तर आपण शुद्ध मराठीत विचारतो, 'बदल जतन करायचे का?' आणि खाली बटणं येतात 'येस', 'नो', 'कॅन्सल'. मेसेजबॉक्सची, म्हणजे विंडोजच्या या तयार प्रश्नखिडकीची, बटणं सिस्टिमच्या भाषेत बोलतात, तुमच्या नाही. स्वतःची हवी असतील तर विंडोज विस्टापासून टास्कडायलॉग नावाचा पर्याय आहे. पण त्यासाठी मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमसोबतच्या माहितीपत्रकात) कॉमन कंट्रोल्स या विंडोजच्या तयार बटणं-याद्यांच्या लायब्ररीची ६वी आवृत्ती मागावी लागते. ते राहिलं तर 'ऑर्डिनल ३४५ सापडला नाही' असं सांगून प्रोग्रॅम सुरू व्हायलाच नकार देतो. हा निरोप मात्र अगदी सुबक नेटिव्ह डायलॉगमध्ये येतो.

डायलॉगला पॅरेंट विंडो, म्हणजे तो ज्या विंडोचा आहे ती, द्यायची असते. त्या जागी शून्य दिलं तरी कंपायलर चकार शब्द काढत नाही. मग डायलॉग मुख्य विंडोच्या मागे दडू शकतो, आणि मुख्य विंडो डिसेबल होत नसल्यामुळे यूजर पुन्हा 'उघडा' दाबतो. आता मागे दोन डायलॉग. लिनक्सवर पोर्टलमार्फत (ॲपच्या वतीनं डायलॉग दाखवणारी सेवा) गेलात तर पॅरेंट म्हणून हँडल (विंडोचा ओळखक्रमांक) नाही, 'एक्स११:' किंवा 'वेलँड:' अशी सुरुवात असलेली स्ट्रिंग द्यावी लागते.

फिल्टरचं, म्हणजे कोणत्या प्रकारच्या फाइल्स दाखवायच्या त्या यादीचं, तर विचारूच नका. 'फाइल उघडा'साठीच्या विंडोजच्या जुन्या गेटओपनफाइलनेम फंक्शनमध्ये प्रत्येक तुकड्यानंतर एक नल (शून्य किमतीचं अक्षर) आणि अख्ख्या यादीच्या शेवटी दोन. शेवटचा एक कमी पडला की डायलॉग मेमरीत पुढे जे सापडेल ते वाचत सुटतो आणि 'फाइलचा प्रकार'च्या यादीत अगम्य चिन्हांचा बाजार भरतो. मॅकला तारा नको, टिंब नको, थेट प्रकार हवा. जीटीके या लिनक्सवर वापरल्या जाणाऱ्या टूलकिटमध्ये '*.जेपीजी'चा पॅटर्न लहान अक्षरांत दिलात, तर मोठ्या अक्षरांतलं एक्स्टेन्शन (नावाचं टिंबानंतरचं शेपूट) असलेले कॅमेऱ्यातले सगळे फोटो गायब. ४.४ पासून त्यासाठी वेगळं सफिक्सचं फंक्शन आहे, त्याला लहान-मोठ्या अक्षरांचं वावडं नाही. तेच वापरा.

पण खरी गंमत 'सेव्ह'मध्ये आहे. यूजर नाव टाइप करतो, 'अहवाल'. एक्स्टेन्शनही टाइप करणारा यूजर अजून जन्माला यायचाय. विंडोजच्या आयफाइलडायलॉगला (गेटओपनफाइलनेमचा नवा वारसदार) आधी सांगितलं नसेल तर तो ते जोडत नाही; जीटीकेचा डायलॉग स्वतःहून जोडतच नाही. मग डायलॉग बंद झाल्यावर आपला कोड हुशारीनं '.सीएसव्ही' चिकटवतो. आता बघा. 'या नावाची फाइल आहे, तिच्यावर लिहू का?' हे विचारायची जबाबदारी डायलॉगची. त्यानं फोल्डरमध्ये 'अहवाल' शोधली, ती नव्हती, म्हणून तो काही न विचारता निघून गेला. 'अहवाल.सीएसव्ही' तिथेच होती, मागच्या वर्षीच्या सगळ्या आकड्यांसकट. होती. यूजरच्या मते त्याला कोणी विचारलं नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

यावर इलाज असा: विंडोजवर डायलॉग दाखवण्याआधी सेटडीफॉल्टएक्स्टेन्शनला नुसतं 'सीएसव्ही' द्या, टिंबाशिवाय. मग यूजरनं खालच्या यादीतून प्रकार बदलला तर एक्स्टेन्शनही आपोआप बदलतं. आणि जिथे तुम्ही ते स्वतः जोडता, तिथे फाइल आहे का हे पुन्हा तपासा आणि परवानगीचा प्रश्न स्वतः विचारा. ओळी वाढतात, वाढू द्या.

'रद्द करा' हेही वाटतं तितकं निरुपद्रवी नाही. आयफाइलडायलॉग ते चक्क एरर म्हणून कळवतो, कोड ८००७०४सी७. तो वेगळा काढला नाही, तर बिचाऱ्या यूजरनं विचार बदलला म्हणून त्याला 'गंभीर चूक झाली' असा आणखी एक डायलॉग बघावा लागतो. त्यावरही 'रद्द करा' ठेवणारे महाभाग असतात.

डायलॉग मोडल आहे (तो बंद होईपर्यंत मागच्या विंडोला हात लावता येत नाही) म्हणजे सगळं थांबलं, हाही एक गोड गैरसमज. डायलॉग आतल्या आत स्वतःचा मेसेज लूप (क्लिक, टायमर वगैरेंचे निरोप हाताळणारं चक्र) फिरवत असतो, त्यामुळे तुमचे टायमर चालूच राहतात. ऑटोसेव्हचा टायमर वाजला, फाइलला अजून नाव नाही, म्हणून त्यानंही 'सेव्ह'चा डायलॉग काढला: डायलॉगवर डायलॉग. डायलॉग उघडण्यापूर्वी टायमर थांबवा, किंवा निदान एक फ्लॅग ('डायलॉग उघडा आहे' अशी खूण) तरी ठेवा. जुना गेटओपनफाइलनेम तर जाता जाता प्रोग्रॅमची चालू डिरेक्टरीही बदलून ठेवतो. ती पूर्ववत करण्यासाठी नोचेंजडिर नावाचा फ्लॅग आहे. गेटओपनफाइलनेमवर त्याचा परिणाम होत नाही, असं मायक्रोसॉफ्टच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय. तेव्हा रिलेटिव्ह पाथचा (चालू डिरेक्टरीपासून मोजलेल्या पत्त्याचा) नाद सोडा.

सँडबॉक्समध्ये, म्हणजे ॲपला कुंपण घातलेलं असतं तिथे, आणखी निराळाच कारभार. मॅकवर यूजरनं फाइल निवडली की परवानगी मिळते, पण ती ॲप बंद होईपर्यंतच. पाथ जपून ठेवला म्हणजे 'अलीकडच्या फाइल्स' उद्याही उघडतील असं नाही. सिक्युरिटी-स्कोप्ड बुकमार्क, म्हणजे परवानगीसकटचा फाइलचा पत्ता, जपावा लागतो. लिनक्सवरच्या फ्लॅटपॅकमध्ये (हाही सँडबॉक्सच) पाथ येतो तो 'रन', 'यूजर', '१०००', 'डॉक' अशा आडवाटेनं. टायटल बारमध्ये तो जसाच्या तसा दाखवलात तर यूजर विचारतो, माझी फाइल कुठे नेली?

ऑटोमेटेड टेस्टचा इथे फारसा उपयोग नाही, कारण डायलॉग तुमच्या विजेट्सच्या (बटणं, याद्या वगैरे) झाडात नसतोच. म्हणून तो एका फंक्शनच्या मागे ठेवा आणि टेस्टमध्ये त्या फंक्शनला ठरलेला पाथ परत करायला लावा. बाकीचं हातानं तपासा: एक्स्टेन्शनशिवाय नाव, आधीच असलेलं नाव, लिहिण्याची परवानगी नसलेलं फोल्डर, दुसऱ्या मॉनिटरवरची विंडो. आणि डायलॉग उघडा असताना पेन ड्राइव्ह उपटून बघा. बहुतेक कोडचं पितळ तिथेच उघडं पडतं.