मोड आलेले मूग ही बीपीची गोळी नव्हे

माझ्या मावशीनं दिवाळीनंतर रक्तदाबाची गोळी आपणहून बंद केली. का, विचारलं तर तिनं फोन पुढे केला. घरच्या ग्रुपवर निरोप आला होता: मोड आलेल्या मुगात ‘बायोॲक्टिव्ह पेप्टाइड’ असतात, ते बीपीच्या गोळीचंच काम करतात, हे संशोधनानं सिद्ध झालंय, रोज उपाशीपोटी मूठभर मूग कच्चेच खा, शिजवले की पेप्टाइड मरतात, साइड इफेक्ट शून्य, तीन आठवड्यांत गोळी सुटते. यात थोडं खरं मिसळलेलं आहे, म्हणूनच ते पटतं. तेव्हा एकेक वाक्य घेऊ.

‘मुगात पेप्टाइड असतात.’ असतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ, आणि तिचा दोन ते वीसेक मण्यांचा तुकडा म्हणजे पेप्टाइड. मोड येताना बियाण्यातले एन्झाइम साठवणीची प्रथिनं तोडतात, कोंबाला वाढायला खाऊ मिळावा म्हणून. आपल्या पोटातही तेच होतं. इथवर तक्रार नाही.

‘गोळीचंच काम करतात.’ खरी गफलत इथे आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या (सगळ्या नव्हेत) एसीई नावाच्या एन्झाइमला अडवतात. रक्तवाहिन्या आवळणारं द्रव्य हे एन्झाइम तयार करतं. प्रयोगशाळेच्या नळीत मुगाचे, हरभऱ्याचे, सोयाबीनचे काही पेप्टाइडही त्याला अडवतात. पण या गोळ्यांचा जन्म कसा झाला ते ऐकण्यासारखं आहे. ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषावर सेर्जिओ फेरेरा यांनी १९६५ मध्ये संशोधन प्रसिद्ध केलं. पुढे त्या विषातून टेप्रोटाइड हा नऊ अमिनो आम्लांचा पेप्टाइड हाती लागला. त्यानं माणसांचा रक्तदाब उतरायचा, पण सुईनं टोचला तरच. तोंडानं घेऊन उपयोग नव्हता. म्हणून स्क्विब कंपनीतल्या कुशमन आणि ओंडेटी यांनी, पचनातून तरून जाईल असा एक छोटा रेणू मुद्दाम घडवला. तो कॅप्टोप्रिल, अमेरिकेत १९८१ मध्ये मंजूर झालेला. म्हणजे सापाच्या विषातला इतका जोरकस पेप्टाइड जिथे गिळून चालला नाही, तिथे मुगातल्या पेप्टाइडनं पोट, आतडं आणि रक्तातले एन्झाइम ओलांडून गोळीची बरोबरी करावी, ही अपेक्षाच चुकीची. आतड्याच्या भिंतीतून मुख्यतः दोन-तीन मण्यांचे तुकडे पार होतात, लांब असतील ते बहुतेक आधीच तुटतात. शिवाय जोर पाहा: एसीईला अडवायला कॅप्टोप्रिल किती लागतं ते नॅनोमोल या एककात मोजतात, डाळींचे पेप्टाइड किती लागतात ते बहुधा मायक्रोमोलमध्ये, आणि एक मायक्रोमोल म्हणजे हजार नॅनोमोल.

‘संशोधनानं सिद्ध.’ ज्या प्रयोगांवरून हे पसरलं, त्यांत कुणी मूठभर मूग चावून खाल्ले नव्हते. मुगातलं प्रथिन वेगळं काढतात, त्यावर बाहेरून एन्झाइम सोडतात, मिळालेला अर्क नळीत तपासतात किंवा आनुवंशिक उच्च रक्तदाब असलेल्या उंदरांना पाजतात. ते काम मोलाचं आहे, पण ती पहिली पायरी आहे. माणसांवर जास्त तपासले गेले ते दुधातले पेप्टाइड. जपानी चाचण्यांत त्यांचा गुण दिसला, युरोपात फारसा नाही, आणि युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं रक्तदाबाचा दावा मान्य केला नाही. डाळींचे पेप्टाइड अजून तिथवरही पोचलेले नाहीत.

‘कच्चेच खा.’ हे वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. उकळल्यानं प्रथिनांची घडी मोडते. छोट्या पेप्टाइडला मोडण्यासारखी घडीच जेमतेम असते. उलट, पचनात अडथळा आणणारे कच्च्या कडधान्यातले घटक शिजवल्यानं कमी होतात. आणि फडक्यात बांधून उबेत ठेवलेले ओले मोड जिवाणूंनाही मानवतात. जर्मनीत २०११ मध्ये मोड आलेल्या मेथीतून ई. कोलायची साथ पसरली. चार हजारांच्या आसपास लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले.

‘साइड इफेक्ट शून्य.’ मूत्रपिंड अधू असलेल्यांना कडधान्यातलं पोटॅशियम आणि प्रथिन मोजूनच खावं लागतं. आणि एरवी निरोगी माणसानंही गोळी सोडली तर रक्तदाब गुपचूप चढतो, डोकंही दुखत नाही. मावशीचा १७०/१०० निघाला तेव्हा ती म्हणत होती, “मला तर बरंच वाटतंय की!”

“मग मूग खाऊच नको का?” तिनं विचारलं. मी म्हटलं, भरपूर खा. २०१४ मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब झाला: रोज साधारण १३० ग्रॅम शिजवलेली कडधान्यं खाणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल सुमारे ५ टक्के उतरलं. उसळ, आमटी, बिरडं यांची ही खरी कमाई. तिचं श्रेय एकट्या पेप्टाइडला देता येत नाही, चोथा आणि बाकीचं बरंच त्यात आहे.

डॉक्टरांकडे जाऊन तिची गोळी परत सुरू झाली. ती कमी व्हावी ही तिची इच्छा रास्तच आहे. लोणचं-पापड तिनं आवरतं घेतलंय, आणि सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून वहीत लिहिते. पुढच्या खेपेला ती वही पाहून डॉक्टर ठरवतील.