बांबूचा कुर्ता आणि आतली पट्टी: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

'नैसर्गिक, पर्यावरणपूरक' म्हणून विकल्या जाणाऱ्या बांबूच्या कापडावरील माझ्या लेखाविषयी आपले तीन आक्षेप आहेत. मी कपड्यांच्या कंपन्यांना सरसकट लबाड ठरवले, बांबू कमी पाण्यात आणि फारशा फवारणीशिवाय वाढतो याकडे दुर्लक्ष केले, आणि घरी प्रयोगशाळा नसलेल्या ग्राहकाकडून शहानिशेची अवाजवी अपेक्षा धरली, असे आपण लिहिले आहे. पहिला आक्षेप मान्य. 'हे सगळे दावे म्हणजे निव्वळ धूळफेक' हे वाक्य मी तावातावाने लिहिले होते. ते मागे घेतो.

दुसरा आक्षेप मात्र पटला नाही. बांबूविषयी आपण म्हणता ते खरे आहे, आणि नेमकी तिथेच ग्राहकाची फसगत होते, कारण गुण झाडाचे सांगितले जातात आणि विकले जाते कापड. बाजारात 'बांबूचे' म्हणून मिळणारे बहुतेक मऊसूत कापड व्हिस्कोस, म्हणजेच रेयॉन असते. बांबूचा लगदा कॉस्टिक सोड्यात मुरवून, त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून जो दाट द्राव तयार होतो, तो बारीक छिद्रांतून सल्फ्युरिक आम्लात सोडला की धागा बनतो. त्यात शेवटी उरतो तो सेल्युलोज, आणि तो निलगिरीच्या लगद्यापासूनही तसाच मिळतो. कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक आहे. त्याची वाफ पकडून पुन्हा वापरता येते आणि काही कारखाने तसे करतातही, परंतु कुर्त्याच्या जाहिरातीत बांबूचे बन दिसते, कारखाना दिसत नाही. उसाचा फड कितीही हिरवागार असला तरी साखर कारखान्याच्या मळीचा हिशेब आपण वेगळा मागतोच ना?

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, २०१० मध्ये ७८ विक्रेत्यांना पत्रे पाठवून, रेयॉनला बांबू म्हणून विकू नका, असे बजावले होते. त्यांपैकी वॉलमार्ट आणि कोल्स यांच्यावर २०२२ मध्ये याच कारणावरून कारवाई झाली आणि दोघांना मिळून ५५ लाख डॉलर दंड भरावा लागला. एवढ्या मोठ्या विक्रेत्यांचा हा केवळ अनवधानाने झालेला घोटाळा होता, असे मला तरी वाटत नाही.

आता प्रयोगशाळेविषयी. ज्या कुर्त्यावरून मी तो लेख लिहिला, त्याला सुतळीने बांधलेल्या खाकी पुठ्ठ्यावर हिरव्या पानाचे चित्र आणि '१००% नैसर्गिक बांबू' ही अक्षरे होती. बाजूच्या शिवणीत, आतून शिवलेल्या पांढऱ्या पट्टीवर मात्र '९५% व्हिस्कोस, ५% स्पँडेक्स' असे छापलेले होते. स्पँडेक्स हा तर सरळसरळ कृत्रिम धागा आहे. एवढे कळायला कुर्ता उलटा करण्यापलीकडे काही करावे लागले नाही.

सेंद्रिय सुती कपड्यांच्या बाबतीत पट्टी पुरत नाही, हे मान्य करतो. तिथे 'गॉट्स' या सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकाच्या चिन्हाखाली प्रमाणन संस्थेचे नाव आणि परवाना क्रमांक छापलेला असावा लागतो, आणि तो क्रमांक 'गॉट्स'च्या संकेतस्थळावर ताडून पाहता येतो. 'प्रमाणपत्र असले की झाले' हे आपले वाक्य मात्र जरा जपून घ्यावे लागेल: २०२० मध्ये खुद्द 'गॉट्स'नेच भारतातील सुमारे २०,००० टन कापूस बनावट कागदपत्रांच्या आधारे सेंद्रिय म्हणून खपवला गेल्याचे उघड केले. यात नुकसान त्याच शेतकऱ्यांचे झाले, जे बीटी बियाणे आणि रासायनिक खते टाळून कमी उताऱ्यावर भागवत होते.

म्हणूनच, 'अशा टीकेने प्रामाणिक कंपन्या नाउमेद होतील' ही आपली भीती मला उलटी वाटते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली' असे मोघम शब्द योग्य खुलाशाशिवाय आणि पुराव्याशिवाय वापरता येणार नाहीत, असे त्यांत म्हटले आहे. ज्याच्याकडे पुरावा आहे, त्याला ही अट जाचक का वाटावी?

आपण शेवटी विचारले आहे, तो कुर्ता मी परत केला का. नाही. कापड मऊ आहे, उन्हाळ्यात बरे वाटते. व्हिस्कोसचा कुर्ता म्हणून तो मी अजून घालतो.