ठाण्याच्या ताईंच्या तक्रारीला उत्तर : मेझुझाची दगडी डबी

ताई, सादर शालोम.

आपण दोन तारे देऊन लिहिलेला अभिप्राय मी ज्या दिवशी वाचला, त्याच दिवशी उत्तर लिहिले नाही. आधी त्याच घडणीच्या शिल्लक राहिलेल्या डब्या टेबलावर मांडल्या, पट्टी घेऊन प्रत्येकीची आतली पोकळी मोजली, आणि मगच लिहायला बसलो.

इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून आपली तक्रार थोडक्यात मांडतो. मेझुझा म्हणजे यहुदी धर्मग्रंथ तोरातील उतारे हाताने लिहिलेले चर्मपत्र. ते डबीत घालून घराच्या दाराच्या चौकटीवर लावतात. आपण ठाण्यातील नव्या घराच्या मुख्य दारासाठी आमच्याकडून जेरुसलेमच्या दगडाची मेझुझाची डबी मागवली. दगड छायाचित्रातल्यापेक्षा पिवळट निघाला आणि कोरलेल्या शिन या हिब्रू अक्षराशेजारी एक बारीक खड्डा होता. किमतीत चर्मपत्र नव्हते. आपल्याकडचे १० सेंटीमीटरचे चर्मपत्र आत मावेना, म्हणून त्याची खालची कड दुमडावी लागली. पेसाह सणाच्या साफसफाईत डबी पुसल्यावर तिची चकाकी गेली, आणि जुलैच्या पावसात ती चौकटीवरून निसटून खाली पडली व तिचा एक कोपरा उडाला. शेवटी आपण लिहिले आहे की ही वस्तू शोभेसाठी घ्यावी, मेझुझासाठी घेऊ नये. हे वाक्य मला फार लागले, कारण आपल्याला मिळालेल्या डबीपुरते ते खरे आहे.

सर्वांत मोठी चूक पोकळीची आहे आणि ती पूर्णपणे आमची आहे. आमच्या पानावर डबीची लांबी १३ सेंटीमीटर दिली होती. ती बाहेरची लांबी होती. दगड पातळ ठेवला तर टोकाशी तडकतो, म्हणून वर आणि खाली आम्ही पावणेदोन-पावणेदोन सेंटीमीटर दगड भरीव ठेवतो, त्यामुळे आतली पोकळी जेमतेम साडेनऊ सेंटीमीटरची उरते. १० सेंटीमीटरचे चर्मपत्र गुंडाळल्यावर त्याची जाडी कमी होते, उंची मात्र तेवढीच राहते. ते साडेनऊमध्ये कसे मावणार? १३ हा आकडा वाचून १० चे चर्मपत्र आत सहज जाईल असे कोणीही समजेल. आपणही तसेच समजलात, आणि त्यात आपले काहीच चुकले नाही. ही मोजमापे ज्याने करायला हवी होती तो मी आहे. डबी निवडताना आधी चर्मपत्र हातात घ्यावे, त्याची उंची मोजावी, तिच्यात किमान अर्धा सेंटीमीटर मिळवावा आणि तेवढी पोकळी असलेल्या डब्यांमधून मग दगड, रंग, कोरीवकाम पाहावे, हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तोंडी सांगतो. दूरवरून मागवणाऱ्यांसाठी ते लिहून ठेवायचे मात्र राहून गेले.

दुमडलेल्या कडेबद्दल मला आपल्याला तातडीने काही सांगायचे आहे, आणि बाकी उत्तर वाचायला वेळ नसला तरी हा परिच्छेद कृपया वाचावा. मेझुझाच्या चर्मपत्रावर तोरातील अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या आणि अकराव्या अध्यायांतले दोन उतारे २२ ओळींत, ७१३ अक्षरांत लिहिलेले असतात. शेवटच्या ओळीत फक्त 'अल हाआरेत्स', म्हणजे 'पृथ्वीवर', एवढेच शब्द येतात. आपण खालची कड दुमडली असे लिहिले आहे. दुमडलेला भाग अर्धा सेंटीमीटर जरी असला तरी त्याची घडी या शब्दांच्या अगदी जवळून किंवा त्यांच्यावरूनच गेली असण्याची शक्यता आहे. सोफेर, म्हणजे हे धर्मलेख हाताने लिहिणारे लेखनिक, वापरतात ती शाई वाळल्यावर चर्मपत्राच्या पृष्ठभागावर थर धरून बसते आणि घडी पडली की तिला चीर जाऊ शकते. एकही अक्षर तुटलेले असले तर मेझुझा चालत नाही. शिवाय ही अक्षरे क्रमानेच लिहावी लागतात, त्यामुळे अक्षराचा आकारच मोडला असेल तर ते मागाहून नव्याने भरता येत नाही. म्हणून चर्मपत्र हलक्या हाताने उलगडून, घडी उलट दिशेने न दाबता, जाणत्या सोफेरला दाखवावे. तसेही घरातली मेझुझा सात वर्षांतून दोनदा तपासून घ्यावी असा नियम आहे. ही तपासणी आता लवकर करावी लागणार आहे आणि तिचा खर्च आम्ही देऊ. चर्मपत्र निकामी ठरले, तर त्याच उंचीचे नवे, तपासलेले चर्मपत्रही आमच्याकडून येईल. पुन्हा गुंडाळताना डावीकडून सुरुवात करावी, म्हणजे शेमाचा, अर्थात पहिल्या उताऱ्याचा, आरंभ सर्वांत बाहेर राहतो आणि चर्मपत्राच्या मागे लिहिलेले 'शद्दाय' हे देवाचे नाव दर्शनी बाजूस येते.

आता पडण्याविषयी. त्या डबीचे वजन सुमारे २०० ग्रॅम आहे आणि आम्ही तिच्यासोबत दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोमची पट्टी दिली होती. आमच्याकडे, इस्रायलमधल्या लोदमध्ये, ही पट्टी कोरड्या भिंतीवर वर्षानुवर्षे टिकते. आपल्या छायाचित्रात मात्र सागवानी चौकट आहे, तिच्यावर तेलरंगाचा तुकतुकीत थर आहे आणि दार उघड्या पॅसेजकडे आहे. ठाण्याच्या जुलैत अशा ठिकाणी २०० ग्रॅमचा दगड नुसत्या पट्टीच्या भरवशावर सोडणे चूक होते, आणि ज्याचे आईवडील अलिबाग तालुक्यातून इथे आले त्या माणसाला तरी कोकणचा पाऊस आठवायला हवा होता. चुकीची दुसरीही बाजू आहे. मेझुझा लावताना आपण जी बराखा, म्हणजे आशीर्वादाची प्रार्थना, म्हणतो, तिच्यात 'लिकबोआ', म्हणजे पक्की बसवणे, असा शब्द आहे. लोंबती किंवा सैल मेझुझा लावली असे धरत नाहीत. म्हणून वर आणि खाली अशी दोन्हीकडे ती घट्ट असावी. लाकडी चौकटीवर दगडी डबी लावायची तर दोन स्क्रूंना पर्याय नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे. त्यासाठी डबीत भोके आम्हीच पाडून दिली पाहिजेत, कारण घरच्या ड्रिलने तयार दगडात भोक पाडायला गेले तर तो हमखास फुटतो.

चकाकी गेल्याबद्दल आपण लिहिले आहे की डबी लिंबाने पुसली होती. आपल्या घरी आधी पितळेची डबी होती असेही आपण म्हणता, आणि पितळ लिंबाने किंवा चिंचेने घासणे हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. परंतु जेरुसलेमचा दगड हा चुनखडीचा दगड आहे. त्याच्यावर लिंबाचा थेंब पडला की बारीक बुडबुडे येतात, म्हणजे दगडाचा वरचा थर त्या आंबटात विरघळत असतो, आणि घासून आणलेली तकाकी जाऊन तिथे पांढुरका, खरखरीत डाग उरतो. व्हिनेगर आणि फरशीची आम्लाची द्रावणे हीदेखील त्याला तितकीच घातक असतात. ओल्या मऊ फडक्याने पुसणे आणि लगेच कोरडे करणे एवढीच त्याची निगा. ही सूचना डबीसोबत चिठ्ठीवर लिहून पाठवायला हवी होती. ती आम्ही पाठवली नव्हती, त्यामुळे हा दोषही आपल्या माथी येत नाही.

रंग आणि खड्डा या बाबतीत मात्र माझे मत आपल्यापेक्षा वेगळे आहे आणि ते मी नम्रपणे, पण स्पष्ट मांडतो. १९१८ साली ब्रिटिश अंमलात जेरुसलेम शहराचे गव्हर्नर रोनाल्ड स्टॉर्स यांनी नव्या इमारती दगडाच्याच असाव्यात असा नियम केला, आणि आज 'जेरुसलेमचा दगड' हे एकच नाव सगळीकडे चालते. प्रत्यक्षात त्या डोंगरांत अनेक जातींचे दगड आहेत. मेलेके हा पांढरा ते मधासारखा, मिझ्झी अहमर लालसर, मिझ्झी यहुदी करडा आणि फार कठीण. ही सारी नावे खाणीतल्या अरबी बोलणाऱ्या कारागिरांची आहेत. आपल्याकडे आलेली डबी मेलेकेची. हा दगड खाणीतून निघताना मऊ असतो आणि वारा लागला की कठीण होत जातो. ज्यांनी कोकणात जांभ्याचे चिरे काढताना पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. त्याचा पिवळेपणा लोहामुळे येतो आणि एकाच चिऱ्याच्या दोन टोकांनाही तो सारखा नसतो. शिन अक्षराशेजारचा तो खड्डा मी आपल्या छायाचित्रात मोठा करून पाहिला. त्याच्या कडेला अर्धवर्तुळाकार रेघांचा ठसा स्पष्ट दिसतो. समुद्राच्या तळाशी साठलेल्या गाळात एखादा शिंपला गाडला गेला, पुढे विरघळला आणि त्याची जागा रिकामी राहिली, तो हा ठसा आहे. असा खड्डा पुटीने भरून टाकणे आम्हाला सोपे आहे. मी ते मुद्दाम करत नाही, कारण मग ग्राहकाला दगड मिळत नाही, दगडासारखे दिसणारे काही तरी मिळते. तरीही छायाचित्रात एकच गोरा, निर्मळ नमुना दाखवायचा आणि घरी पिवळसर, ठशांचा दगड पाठवायचा, हे बरोबर नाही हा आपला मुद्दा मला मान्य आहे. यापुढे जी डबी जाणार तिचेच छायाचित्र आधी ग्राहकाला पाठवले जाईल.

चर्मपत्र किमतीत का नाही, याचे उत्तर एवढेच की डबीसोबत अनेकदा फुकट मिळणारा छापील कागद आम्ही ठेवत नाही. कागदावर छापलेली मेझुझा ही मेझुझा नव्हे, आणि ती आत असली की घेणाऱ्याला दार पूर्ण झाल्यासारखे वाटते. हाताने लिहिलेले चर्मपत्र वेगळे, सोफेरच्या तपासणीसह घ्यावे, हेच योग्य. ही सूचना पानाच्या तळाशी होती, ती आता किमतीच्या शेजारी लिहिली आहे. आतल्या पोकळीची उंची आणि रुंदी आता पहिल्याच ओळीत दिली आहे, आणि बाहेरचे माप त्यानंतर.

आपल्यासाठी आम्ही नवी डबी तयार करत आहोत. पोकळी ११ सेंटीमीटर उंच आणि १.६ सेंटीमीटर रुंद, वर-खाली स्क्रूची भोके, पाठीमागे ओल आत शिरू नये म्हणून बंद पट्टी, आणि दगड मेलेकेऐवजी मिझ्झी यहुदी, कारण उघड्या पॅसेजमधल्या पावसाळी हवेत कमी पाणी पिणारा दगडच हवा. तो करडा असेल, मधासारखा नसेल. आपल्याला ते चालत नसेल तर गोलानच्या काळ्या बेसाल्टचीही डबी करता येईल. तो आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचाच भाऊबंद आहे आणि त्याला लिंबाचे भय नाही, पण वजनाला अधिक भरतो. डबीचे आणि टपालाचे पैसे द्यायचे नाहीत.

जुनी डबी परत पाठवू नये. तिच्यात चर्मपत्र ठेवलेले होते, त्यामुळे ती आता पवित्र वस्तूचे साधन झाली आहे आणि कचऱ्यात टाकता येत नाही. सिनेगॉगमध्ये जिथे जीर्ण ग्रंथ ठेवतात तिथे ती द्यावी, उडालेला कोपरा सापडला असेल तर तोही सोबत द्यावा. नवी डबी येईपर्यंत, तपासून आलेले चर्मपत्र साध्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या डबीत घालून दाराला लावावे. दगडासाठी दार रिकामे ठेवू नये. डबी पडल्यामुळे बराखा पुन्हा म्हणायची का, हे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या आपल्या हज्जानसाहेबांना विचारावे.

भोके पाडण्यापूर्वी मला दोन गोष्टी कळायला हव्यात. आपल्याकडे मेझुझा सरळ उभी लावतात की तिरकी? आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, घरांत मी ती बहुतेक उभीच पाहिली आहे. आपल्या छायाचित्रात मात्र ती थोडी कललेली दिसते, आणि पट्टी सुटू लागल्यामुळे तसे झाले होते की मुळातच तशी लावली होती, हे कळत नाही. दुसरे, आत शिरताना उजव्या हाताला येणाऱ्या चौकटीचा सपाट भाग किती रुंद आहे? सेफ्टी डोअर बसवल्यावर तो पुष्कळदा साडेतीन-चार सेंटीमीटरच उरतो, आणि साडेचौदा सेंटीमीटरची डबी तिरकी लावायची झाली तर तेवढ्यात ती मावणार नाही. माप दाराच्या उंचीच्या वरच्या तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला, म्हणजे २१० सेंटीमीटरच्या दाराला जमिनीपासून १४० सेंटीमीटरवर, घ्यावे आणि शक्य तर मोजपट्टी धरूनच छायाचित्र पाठवावे. ते मिळाले की त्याच दिवशी दगड कापायला घेतो.