एक घर, एक ईमेल

‘तू कॉम्प्युटरमध्ये आहेस ना?’ हा प्रश्न मंडळात ज्याला एकदा विचारला जातो, त्याची पुढे सुटका नसते. प्रिंटरची शाई, सभागृहातला खरखरणारा माइक, कुणाच्या तरी नातवाचं प्रोजेक्ट, सगळं त्याच्याच गळ्यात. यंदा माझ्या गळ्यात ‘सिंगल साइन-ऑन’ पडलं, म्हणजे एकाच लॉगिनने सगळ्या साइट्सवर शिरायची सोय.

गरज होती, हे मान्य. वाचनालयाची पुस्तकं शोधायला एक पासवर्ड, नाटकाची तिकिटं काढायला दुसरा, दिवाळी अंक योजनेला तिसरा. तीन साइट्स, तीन व्हेंडर, आणि त्या आणणाऱ्या तीन कार्यकारिणी एकमेकींशी बोलत नसलेल्या. सभासद पासवर्ड विसरायचे, ऑफिसात फोन करायचे आणि ऑफिसातल्या बाई वहीत बघून सांगायच्या. हो, वहीत. सगळ्यांचे पासवर्ड, अकारविल्हे. ती वही हॅक करणं मात्र कुणाच्या बापाला जमलं नसतं, बाईंचं अक्षरच तसं आहे.

आता एकच बटण, गूगल किंवा ॲपलच्या खात्याने आत, आणि तिन्ही दारं उघडी, असं ठरलं. वाचनालयाचा व्हेंडर म्हणाला, आम्हाला फक्त सॅमल 2.0 समजतं. हे एका साइटने दुसरीला ‘हा माणूस ओळखीचा’ असं कळवायचं 2005 सालचं मानक, सगळा कारभार एक्सएमएल नावाच्या मजकुराच्या साच्यात. तिकीटवाला म्हणाला, आमचं ओपनआयडी कनेक्ट, म्हणजे त्याच कामाचं 2014 चं मानक. तिसरा ‘एपीआय आहे ना सर’, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामशी बोलायची खिडकी आहे, एवढं म्हणाला आणि त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. मग दोन्ही भाषा येणारं कीक्लोक नावाचं फुकट सॉफ्टवेअर मध्ये बसवलं.

लॉगिन झाल्यावर माणसाला परत कुठे पाठवायचं तो पत्ता कीक्लोकमध्ये आणि साइटवर, दोन्हीकडे अक्षरश: सारखा लागतो. पत्रिकेत मंगळ निघाला तर शांत करता येते, गुरुजी काहीतरी वाट काढतात. इथे एका बाजूला शेवटी तिरकी रेघ आणि दुसऱ्या बाजूला नाही, एवढ्यावरून ‘जुळत नाही’. गुरुजी नाहीत, दक्षिणा नाही.

वाचनालयाच्या सर्व्हरची वेगळीच तऱ्हा. लॉगिनचा दाखला काही मिनिटांपुरताच वैध असतो आणि त्यावर ‘अमुक वेळेपासून’ असंही लिहिलेलं असतं. या सर्व्हरचं घड्याळ मागे. त्यामुळे आत्ता आलेला दाखला त्याच्या मते अजून जन्मालाच आलेला नव्हता. मंडळाचे कार्यक्रम कधी वेळेवर सुरू झालेत, की सर्व्हरने व्हावं!

हे सगळं निस्तरता येतं. निस्तरत नाहीत ते सभासद.

मानकात स्वच्छ लिहिलंय की माणूस ओळखायचा तो गूगल-ॲपलसारख्या ओळख पटवणाऱ्याने दिलेल्या कायमच्या खुणेवरून, ईमेलवरून नाही, कारण ईमेल बदलतो. आमच्या रजिस्टरात खूण कुठली असायला? ईमेल होता, आणि तोही घराला एक. सासू, सासरे, मुलगा, सून असे चार सभासद आणि पत्ता एकच.

“काकू, तुमचा ईमेल कोणता?”

“आमचा ना? तो धाकट्याकडे असतो.”

“आणि धाकटा?”

“सिॲटलला. पण थांब, आत्ता झोपला असेल रे तो.”

एका निवृत्त प्राध्यापकांना मुलीने आयफोन दिलेला. ॲपलच्या बटणात ‘माझा ईमेल लपवा’ असा पर्याय असतो. सरांनी तो निवडला, कारण लपवलेलं ते सुरक्षित, हे त्यांचं आयुष्यभराचं धोरण. ॲपलने आमच्याकडे भलत्याच अक्षरांचा एक पत्ता पाठवला, यंत्रणेने तो नवा सभासद धरला आणि नव्या सभासदाने वर्गणी भरलेली नाही म्हणून सूचना धाडली. सर आजीव सभासद! दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले आणि पिवळी पडलेली, घडीवर फाटत आलेली पावती त्यांनी माझ्या कीबोर्डवर ठेवली. बोलले काहीच नाहीत. प्राध्यापकांना ते जमतं.

“अरे, मी ओळखतो यांना!” कार्यवाह म्हणाले.

“काका, तुम्ही ओळखता. सर्व्हर ओळखत नाही.”

“मग करून दे की ओळख.”

करून दिली. एकेका सभासदाला समोर बसवून जोडत गेलो. मंडळाची सगळी यंत्रणा आजवर ‘मी ओळखतो यांना’ या एका वाक्यावर चालली होती आणि खरं सांगायचं तर सॅमलपेक्षा बरी चालली होती.

मग नाटकाची तिकिटं सुटली. आमचे सभासद ती घरून काढत नाहीत, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर येऊन काढतात, तेवढाच चहा होतो. सकाळी पहिले अध्यक्ष आले. स्वत:च्या गूगल खात्याने शिरले, दोन तिकिटं काढली आणि शिस्तीत लॉगआउट केलं. पण तिकिटांच्या साइटवरून बाहेर पडलं म्हणजे गूगलमधून बाहेर पडलं असं होत नाही. ते खातं ब्राउझरमध्ये उघडंच राहतं. पुढच्या काकूंनी बटण दाबलं, काही न विचारता आत! “किती सोपं केलंय रे!” म्हणाल्या. त्यांच्यामागे रांगेतले सगळेच तसे आत गेले, आणि दिवसभर माझं कौतुक झालं.

संध्याकाळी बाईंनी यादी छापली. पहिल्या रांगेपासून बाल्कनीपर्यंत प्रत्येक खुर्चीवर अध्यक्षांचं नाव. कार्यवाहांनी ती त्यांच्यापुढे सरकवली. अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला, पानं उलटली आणि समाधानाने म्हणाले, “वा, यंदा हाऊसफुल्ल!”