गुडघाभर सियांग

पँट अजून वाळत घातलीय. खिशातून निघालेल्या वाळूचेही पैसे आम्ही भरलेत, माणशी, जीएसटीसकट.

डोंगरातल्या सियांगबद्दल तक्रार नाही. तिबेटात यार्लुंग त्सांगपो म्हणवणारी ही नदी अरुणाचलाच्या डोंगरांत खवळलेली असते आणि मी राफ्टच्या दोरीला गोचिडासारखा चिकटलो होतो. पण पासीघाटजवळ डोंगर संपतात, उतार मोडतो, वाहून आणलेली वाळू-गोटे नदी तिथेच टाकते आणि मग स्वतःच्याच पसाऱ्याला वळसे घालत फुटते, मिळते, पुन्हा फुटते. अशा नदीला वेणीची उपमा देतात. आई ताईची वेणी घालायची तेव्हा पेड तीन असायचे आणि शेवटी रिबीन. इथे पेड मोजायला कुणी बसलेलं नाही.

त्यात हिवाळा, पाणी उतरलेलं. गाईडनं एक पेड निवडला. राफ्ट बसली.

"उतरो सब, हलका होगा."

हेल्मेट, लाईफ जॅकेट, खाली घोटाभर पाणी. तीन ढकलत होते, चार सूचना देत होते. आणि समोरच्या वाळूवर निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत एक गृहस्थ गळ टाकून बसलेले.

"कहाँ जाना है?"

"पासीघाट."

"वो तो सामने है."

"दिखता है."

"पानी तो पीछेवाला में है."

मी गाईडकडे पाहिलं. तो बुटाची नाडी बांधू लागला.

"परसों भी एक नाव फँसा था. यहीं."

"फिर?"

"वो लोग भी धक्का मारा."

"अरे, तो हमको दूर से बोलना था ना!"

"आप लोग हेल्मेट पहना था," ते शांतपणे म्हणाले. "हम सोचा, मालूम होगा."

मग त्यांनी गळ गुंडाळला, खुर्ची डोक्यावर उलटी घेतली आणि गुडघाभर पाण्यातून सरळ पलीकडे, गावाकडे निघून गेले. फुकट! परमिट, पिकअप, 'रोमांचक अंतिम टप्पा' यांचे हप्ते मी अजून फेडतोय आणि हे चालत घरी.

पासीघाट 1911 साली वसलं, अरुणाचलातलं सगळ्यात जुनं शहर. आम्ही पोचेपर्यंत आणखी जुनं झालं. काठावर गाईडनं सगळ्यांना वल्ही उंचावायला लावून फोटो काढला. शेवटचा पाऊण तास ती वल्ही आम्ही काठीसारखी टेकत आलो होतो. फोटो आत्ताच ग्रुपवर आलाय. मागे, डावीकडे, निळी खुर्ची दिसतेय.