पावसाचे पाय

"पाऊस चालत येत होता का?"

माझ्या पहिल्या निबंधाच्या पहिल्याच वाक्याशेजारी मॅडमनी लाल शाईत एवढंच लिहिलं होतं. वाक्य होतं, 'वॉकिंग टू द क्लास, द रेन स्टार्टेड.' आता 'चालत क्लासला येताना पाऊस लागला' म्हटल्यावर मराठीत आजवर कुणी पावसाचे पाय शोधले नव्हते. इंग्रजीत मात्र 'वॉकिंग' ज्याला जाऊन चिकटेल तो चालायला लागतो. ह्या चुकीला डँगलिंग मॉडिफायर म्हणतात. म्हणजे लोंबकळतं विशेषण. वाक्यात ते लोंबकळत होतं, वर्गात मी.

व्याकरण पक्कं आहे ह्या भ्रमात मी ॲडव्हान्स्ड इंग्लिशला नाव घातलं. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली की तो 'कॉमा स्प्लाइस', म्हणजे गुन्हा. तिथेच अर्धविराम दिला की प्रौढ शैली! पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसच्या आल्डस मनुशियस ह्या मुद्रकाने हे चिन्ह छापात आणलं. पाचशे वर्षांनी मी ते इतकं पेरलं, की मॅडम म्हणाल्या, "कागदाला गोवर आलाय."

निबंधाचंही तेच. पहिल्या परिच्छेदात ठाम मत मांडा म्हणे. माझं मत मला निबंध संपल्यावर कळतं. 'एस्से' हा शब्द मुळात फ्रेंच, अर्थ 'प्रयत्न'. मोंतेन्य ह्या फ्रेंच लेखकाने १५८० साली आपल्या लेखांना तेच नाव दिलं. माझ्या वहीतला शेराही त्याला धरूनच असे: 'गुड ट्राय.'

पण खरं दुखणं क्रियापदाचं. इंग्रजीत कर्ता आला की मागोमाग क्रियापद हजर लागतं. आमचं सगळी पंगत बसल्यावर सावकाश येणार. मी वाचायला उभा राहिलो की मॅडम मध्येच विचारत, "क्रियापद कुठाय?"

"येतंय, मॅडम."

असे तीन आठवडे गेले आणि धडा आला 'पिरिऑडिक सेंटेन्स'चा. मुख्य मुद्दा मुद्दाम शेवटपर्यंत राखून ठेवायचा, वाचकाला ताटकळत ठेवायचं. अहो, हे तर आम्ही बोलायला लागल्यापासून करतोय! त्या रात्री मी चौऱ्याण्णव शब्दांचं एकच वाक्य लिहिलं. गोवर नाही, लोंबकळ नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ते स्वतः मोठ्याने वाचायला घेतलं. वर्ग चिडीचूप. मध्ये दोनदा त्यांना श्वास घ्यावा लागला. पूर्णविरामाशी पोचल्या, कागद उलटून मागची बाजू पाहिली आणि माझ्याकडे वळल्या.

"क्रियापद?"

मी मान खाली घातली. "येतंय, मॅडम."